चहाच्या पेटीतला उजेड

उन्हात हात धरायचा, बोटं फाकवायची, जमिनीवर पडलेल्या सावलीकडे डोळे बारीक करून बघायचं आणि मग निकाल द्यायचा, "कच्चं आहे अजून." आपण रस्त्यावर आलो की घड्याळ बघतो, आमचे मास्तर ऊन बघत. बोटांच्या सावलीची कड धूसर असली तर ऊन कच्चं, कड स्वच्छ कापल्यासारखी दिसली तर ऊन पिकलं. एकदा कारखान्यातल्या एकाच्या लग्नात मुहूर्ताची गडबड चालली असताना हे मांडवाबाहेर हात पसरून उभे. भटजींनी धास्तावून विचारलं, "काय हो, पाऊस येतोय का?" हे म्हणाले, "नाही. ऊन छान पिकलंय. फोटो आत्ताच काढून घ्या, अक्षता काय, मग टाकता येतील."

गिरगावातल्या एका गल्लीत आमचा ब्लॉकचा कारखाना होता. वर्तमानपत्रात छापायची चित्रं जस्ताच्या पत्र्यावर कोरून द्यायची, हा धंदा. मी तिथे फोटो सुधारायला होतो, म्हणजे पुढाऱ्यांच्या गालावरचे डाग काढायला आणि नवरदेवांना केस द्यायला. ते पत्र्यावर चित्र उतरवत. पत्र्याला उजेडाने घट्ट होणारा लेप द्यायचा, त्यावर फिल्म ठेवायची, काचेखाली गच्च दाबायची आणि उजेड दाखवायचा. उजेड लागला तिथला लेप टिकतो, बाकीचा पाण्यात धुऊन जातो आणि उघड्या पडलेल्या धातूला ॲसिड खातं. सगळी गोम उजेड किती वेळ दाखवायचा यात. ते ज्याला कळतं तो मास्तर. आम्ही त्यांना मास्तरच म्हणत असू. नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सभा, मोर्चे, पत्रकं, जादा अंक. कारखान्यात मान वर करायला सवड नव्हती. एका पुढाऱ्याच्या मुठीचे मी इतके ब्लॉक केले असतील की रस्त्यात नुसती मूठ दिसली तरी मी त्यांना ओळखलं असतं. मास्तरांना राजकारणात विशेष रस नव्हता असं नाही, पण सभेहून आल्यावर भाषण कसं झालं असं विचारलं तर म्हणत, "दिवे फार मागे लावले होते. चेहरा काळा दिसत होता."

ठाकूरद्वारच्या एका वाडीत ते आणि त्यांची बायको, अशी दोघंच राहत. वहिनींचे कान लग्नानंतर लवकरच एका तापात गेले. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार कळे. मास्तरांच्या ओठांवरून त्यांना सगळं समजायचं. त्यामुळे दोघांचा संसार कमी आवाजात आणि फार चांगला चालला होता. वाडीतल्या इतर संसारांचे आवाज ऐकलेल्या माणसाला त्याचा हेवाच वाटे.

मग गोळीबाराच्या दिवसांत ती गोष्ट झाली. वहिनी नाक्यावर मेथीची जुडी निवडत होत्या. गर्दी पळत आली, मागून पोलिसांची लॉरी. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून माणसं घसा फोडून ओरडत होती, "आत या, आत या!" रस्ता रिकामा झाला. वहिनी लॉरीकडे पाठ करून उभ्या होत्या त्या तशाच राहिल्या. मग जुडी पिशवीत टाकून रस्त्याच्या मधून चालत सावकाश घरी आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "मेथीवाला जुडी माझ्या हातात कोंबून पळाला मेला. आज सगळ्यांना झालंय काय हो?"

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी हे आम्हाला हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. मग त्यांनी काच पुसायला घेतली. दुपारी मी पाहिलं तेव्हा ते तीच काच पुसत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "गाणंबिणं नको रे. तिला कुणी हाक मारली तर ती तिच्या कानात गेली पाहिजे. मला बाकी काही नको."

कानाचं परदेशी यंत्र त्या वेळी मिळत होतं, पण ते आमच्यासारख्यांनी दुकानाच्या काचेतून बघायचं. मास्तरांनी फुटपाथवरून रेडिओवरची जुनी इंग्रजी मासिकं आणायला सुरुवात केली. इंग्रजी त्यांचं बेताचं, पण चित्रं वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एक दिवस एक पान नाचवत ते माझ्या टेबलाशी आले. नव्या तऱ्हेच्या छोट्या यंत्रात तारांचं जंजाळ नसतं, एका पातळ पाटीवर तांब्याच्याच रेघा असतात आणि त्या रेघा तारांचं काम करतात, असं त्यात दाखवलं होतं. त्या रेघा काढायच्या कशा? लेप, फिल्म, उजेड, ॲसिड. मास्तर म्हणाले, "अरे, हे लोक आपलाच धंदा करतायत! फक्त छापत नाहीत, एवढंच."

कारखान्यात दाबाची मोठी फ्रेम होती, झगझगीत आर्क दिवा होता. शेठ नाही म्हणाले नसते. पण मास्तरांचा एक हेका होता. "शेठच्या दिव्यावर बायकोचं काम नको." तेव्हा उजेडाचं सगळं सामान घरी बनवायचं ठरलं.

पहिली गरज होती काचेच्या फ्रेमची. काच जाड हवी, सपाट हवी, बुडबुडा नको. अशी काच घरात एकच होती आणि तिच्यामागे मास्तरांचे सासरे फेटा बांधून बसले होते. मास्तरांनी सासऱ्यांना अलगद बाहेर काढलं, भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्यांच्या चौकटीला मागून फळी, कांबळ्याचा तुकडा आणि सायकलची ट्यूब लावली. पंपाने हवा भरली की ट्यूब फुगे आणि फिल्म पाटीवर गच्च बसे. वहिनी बाजारातून आल्या आणि दारातच थांबल्या. "माझ्या बाबांना काय केलंत?" मास्तर ओठ नीट हलवत म्हणाले, "त्यांना म्हटलं, जरा मुलीसाठी जागा द्या." वहिनींनी डोळे वटारले, पण फ्रेम परत मागितली नाही.

लेपासाठी अंड्याचा पांढरा बलक लागतो. वाडीत मासळीही चोरून शिजे, तिथे अंडी म्हणजे फारच झालं. एक दिवस उकिरड्यावर टरफलं सापडली आणि चौकशी सुरू झाली. वाडीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी मास्तरांना जिन्यात गाठलं. "तुम्ही अंडी खाता असं कानावर आलंय." मास्तर म्हणाले, "छे हो! खात नाही, फासतो." या उत्तराने त्या गृहस्थांचं समाधान झालं असावं असं वाटत नाही. पिवळा बलक वाडीतल्या मांजरीला जाई. ती इतकी गलेलठ्ठ झाली की उंदीर तिच्या समोरून चालत जात.

तांब्याचा पातळ पत्रा लाखेने बॅकेलाइटच्या कडक, वीज न वाहू देणाऱ्या पाटीवर चिकटवायचा आणि वरून कोळशाची इस्त्री फिरवायची. मग लेप ओतायचा आणि तो सगळीकडे सारखा बसावा म्हणून पाटी गरगर फिरवायची. कारखान्यात त्याला यंत्र होतं. घरी मास्तरांनी छताच्या कडीला दोरी टांगली, खाली पाटी बांधली, दोरीला पीळ भरला आणि सोडून दिली. ती कडी पाळण्यासाठी होती. आधीच्या भाडेकरूंनी लावलेली. या घरात ती इतकी वर्षं तशीच रिकामी होती, आणि वहिनी पहिल्यांदा ती दोरी फिरताना पाहून उठून स्वयंपाकघरात गेल्या, असं मास्तरांनीच मला एकदा सांगितलं.

सुरुवातीला उजेड उन्हाचा. गच्चीवर बायकांचे पापड आणि कुरडया वाळत असायच्या, त्यांच्यातच सासऱ्यांच्या चौकटीला जागा मिळाली. मास्तर शेजारी मांडी घालून, हात उन्हात धरून बसत. "अहो काकू, तुमची सावली जरा तिकडे घ्या ना." "अहो भावजी, ते पातळ उडतंय बघा, धरा कुणीतरी." बायकांना आधी मजा वाटली, मग राग आला, मग सवय झाली. एका पाटीवर कावळा बसून गेला. एका पाटीवर नेमका ढग आला. एकीवर कुणाच्या तरी मुलाने कुरडई ठेवून दिली आणि धुतल्यावर तांब्यावर कुरडईची सुरेख नक्षी निघाली. मास्तरांनी ती पाटी फेकली नाही. ते म्हणाले, "उजेड किती बरोबर पडला होता बघ. कुरडईच्या तारासुद्धा मोजून घे."

पण उन्हावर भरवसा नाही हे त्यांना पटलं. मग आली चहाची पेटी. चहाच्या मोठ्या लाकडी पेटीला आतून चमचमता वर्ख लावलेला असतो, तो उजेड परतवायला आयताच मिळाला. गिरगावातल्या एका सिनेमागृहात यंत्र चालवणाऱ्या माणसाकडून वापरून उरलेल्या कार्बनच्या कांड्या आणल्या. दोन कांड्यांची टोकं जवळ आणली की मध्ये निळापांढरा जाळ उभा राहायचा. विजेचा जोर आवरायला मध्ये शेगडीची तार. टोकं झिजली की लाकडी मुठींनी हळूहळू पुढे सारायची. हे सारणं मास्तर काळा चष्मा लावून, श्वास रोखून करत. वहिनी मागे पोळ्या लाटत असत.

पहिल्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी पेटी सुरू झाली आणि सबंध मजल्याचा फ्यूज उडाला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, हे आता कळणार असं प्रत्येकाला रोज वाटे, अशा काळात ऐन बातम्यांत रेडिओ बंद! माणसं दारात जमली. मास्तर काळा चष्मा तसाच ठेवून बाहेर आले आणि म्हणाले, "काय झालं?" त्यानंतर बातम्या संपेपर्यंत पेटी लावायची नाही, असा मजल्याचा ठराव झाला.

ठराव पाळूनही एकदा घोटाळा झालाच. खिडकीतून निळा लखलखाट दिसला म्हणून गस्तीवरचा हवालदार वर आला. ते दिवसच संशयाचे. त्याने दारातून पाहिलं तर पेटी, तारा, बाटल्यांत पिवळंलाल पाणी आणि मध्ये काळ्या चष्म्यातले मास्तर. "काय चाललंय हितं? बॉम्ब करताय काय?"

"नाही हो. उजेड करतोय."

"उजेड? आन् ह्यो म्हातारा कोण?" त्याने भिंतीला टेकलेल्या तसबिरीकडे काठी केली.

"सासरे."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. हवालदार त्यांना दोनदा काहीतरी बोलला, त्या नुसत्या हसल्या. मास्तरांनी तेव्हा सगळं सांगितलं, मेथीच्या जुडीसकट. हवालदाराने चहा संपवला. उठताना म्हणाला, "त्या दिवशी आमचीबी ड्यूटी हितंच होती." मग काठी उचलून म्हणाला, "खिडकीला पडदा लावा. चालू द्या."

कॉटन ग्रीनला गोदीत असलेल्या एका ओळखीच्याने खलाशाकडून यंत्रात आवाज मोठा करणारे तीन इवलेसे ट्रान्झिस्टर मिळवून दिले. मासिकातला रेघांचा नकाशा मी मोठा करून शाईने काढला, फिल्म केली. मास्तरांनी चहाच्या पेटीत पाटी केली. ती त्यांनी फडक्यात गुंडाळून कारखान्यात आणली आणि आम्ही सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. केसाएवढ्या रेघा, एकही तुटलेली नाही, एकही दुसरीला चिकटलेली नाही. फोरमनने भिंग लावून बघितली. शेठने बघितली. मी नकाशा काढलेला, मीही बघितली. सगळ्यांनी मान डोलावली.

ग्रँट रोडचा एक रेडिओ दुरुस्त करणारा त्यावर सामान जोडायला तयार झाला होता. त्याने जोडलं, बॅटरी लावली आणि एक ट्रान्झिस्टर मेला. त्याने पाटी वरखाली केली आणि म्हणाला, "मास्तर, हे उलटं मारलंय तुम्ही. डावं सगळं उजवीकडे गेलंय."

"शक्य नाही."

मास्तर तडक कारखान्यात आले. जोडलेलं सामान काढून टाकलं, पाटीला शाई लावली, वर कागद ठेवून ठसा घेतला आणि तो माझ्या मूळ नकाशाशेजारी धरला. दोन्ही तंतोतंत सारखे. "बघा! बरोबर आहे की!" ते विजयाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला, आणि आमचेही. ब्लॉक कागदावर सुलटा उमटायचा तर पत्र्यावर उलटा लागतो. म्हणून आमच्या धंद्यातला माणूस फिल्म हातात आली की पालथी करूनच ठेवतो, त्याला विचार करावा लागत नाही. ही पाटी छापायची नव्हती. हे मास्तर स्वतः मला पहिल्या दिवशी म्हणाले होते. तरी हाताने आपलं काम केलं होतं. आणि आम्हा सगळ्यांना उलटंच बघायची इतकी सवय की कारखानाभर फिरून कुणाच्या डोळ्याला ते खुपलं नाही.

रेडिओवाला भला माणूस. म्हणाला, "सामान तांब्याच्या बाजूने बसवू, होईल काहीतरी." मास्तरांनी हात जोडले. "नको. तिच्या कानाला लावायचंय ते. सुलटंच करू." पुन्हा अंडी आली, पुन्हा दोरीला पीळ, पुन्हा पेटी. चौथा ट्रान्झिस्टर मिळण्यात कित्येक महिने गेले. पेटीच्या वर भिंतीवर त्यांनी खडूने ठळक लिहिलं, "उलटायचं नाही." वहिनी तव्यावरून वळून म्हणाल्या, "म्हणजे थालीपीठ एकाच बाजूने भाजू का?"

नवं राज्य आलं, गल्लीत कमानी लागल्या, त्याच सुमाराला यंत्र पुरं झालं. साबणाच्या डबीएवढं. वहिनींनी त्याला खणाची पिशवी शिवली आणि ती गळ्यात अडकवली. त्या रविवारी मास्तरांनी मला बोलावलं होतं. त्यांनी तारेच्या टोकाची ऐकायची गुंडी वहिनींच्या कानात बसवली, पिशवीतलं बटण फिरवलं आणि त्यांना गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. स्वतः आत, दाराशी आले. मला वाटलं, आता काही खास बोलतील. ते साध्या आवाजात म्हणाले, "अगं, आत ये."

वहिनी हलल्या नाहीत. खाली रस्त्यावर टांगा चालला होता, कमानीखाली पोरं ओरडत होती. मास्तरांना जरा ढास लागली, ती आवरून ते पुन्हा म्हणाले, "आत ये गं."

"आले हो, ऐकलं," वहिनी वळल्या. "पण शेजारी हे खोकतंय कोण?"

शेजारी कुणी नव्हतं.

इतका वेळ मी मास्तरांबद्दल सांगतोय आणि त्यांचा खोकला सांगितला नाही, बघा. याचं कारण, आमच्या कारखान्यात तो कुणाच्या खिजगणतीतच नव्हता. ॲसिडच्या खोलीत सगळेच खोकत. मास्तर जास्त खोकत, कारण मास्तर जुने होते, असा आमचा हिशोब. घरात तर ऐकणारं कुणी नव्हतंच.

"मीच," मास्तर म्हणाले.

"तुम्ही?" वहिनी त्यांच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही खोकता ते दिसायचं हो मला. असं खोकता, हे कुठे ठाऊक होतं?"

यंत्र चाललं याचा आनंद करायला मी पेढे घेऊन गेलो होतो. ते तसेच राहिले. वहिनी दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मास्तर बोलायला लागले की त्या हाताने थांबवत आणि डॉक्टरचं बोलणं स्वतः ऐकत. छातीचं दुखणं फार जुनं होऊन बसलं होतं. मास्तरांना शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात ठेवलं. औषधं होती, आणि आम्हाला सगळ्यांना आशाही होती. पण तिथून ते परत आले नाहीत.

मी भेटायला जाई तेव्हा वहिनी खाटेशेजारी बसलेल्या असत, खणाची पिशवी गळ्यात. शेवटी शेवटी मास्तरांना बोलण्याचे कष्ट होत. ढास येतेय असं वाटलं की ते बोटांनी खूण करत, बटण फिरवल्यासारखी, म्हणजे यंत्र बंद कर. तिला ऐकायला लागू नये, एवढाच त्यांचा हट्ट.

वहिनी मान हलवत. पिशवीत हात घालत आणि बटण फिरवून आवाज मोठा करत.